आण्णांचं खमीर

नंदा, तुला मातीत ठेवायच्या आधी अंगणात भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात फुलं, तळहातावर तुझं इष्टलिंग. पण तुझी मान सारखी डावीकडे कलत होती. जंगम स्वामींचे विधी होईपर्यंत कुणीतरी ती मागून धरायला पाहिजे होती. मी धरली. माझी बोटं तुझ्या केसांत, तुझं डोकं माझ्या पोटाशी. आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "जाऊ असावी तर अशी बाई. आठ म्हैने हागणं-मुतणं काढलं." मी खाली बघत राहिले. त्यांना वाटलं, मी रडते आहे.

त्याला आज सोळा दिवस झाले. लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं-चांगलं बोलतात, चहा पिऊन जातात. मला तसं बोलता येत नाही, आणि माझ्या तोंडून तू ते ऐकूनही घेतलं नसतंस. तुझ्या-माझ्यात काय होतं ते तुला आणि मलाच माहीत होतं. आता आणखी चार जणांना माहीत झालंय. ते कसं झालं, तेवढं तुला सांगायचं आहे.

तू लग्न होऊन लातूरला आलीस तेव्हा या घरात थोरली सून म्हणून मी अकरा वर्षं मुरले होते. माझं माहेर औसा. घरची शेती, बाजारात बापाला मान. तुझे आण्णा नांदेडला पावाच्या भट्टीवर मजूर. भावजींचा पाय लहानपणापासून अधू, त्यामुळं तोलामोलाच्या घरातून मुलगी मिळेना. नाहीतर तू हा उंबरा ओलांडला नसतास, असं मी तुला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. तू तांदूळ निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "हाव अक्का, खरं हाय." तुझं ते 'हाव' मला कायम खुपलं. भांडायला आलेल्या माणसाला तू सरळ दार उघडून द्यायचीस. मग आत येऊन त्यानं करायचं काय?

या घरात माझ्या भाकरीचं नाव होतं. सासूबाई गेल्या आणि स्वयंपाकघर माझ्या हातात आलं, तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाला परातीला हात लावू दिला नाही. तू भाजी चिरायचीस, शेंगा कुटायचीस, भांडी आवरायचीस. पाहुणे आले की मी मुद्दाम म्हणायचे, "भट्टीवाल्याच्या पोरीचा हात न्हाई बसत भाकरीला." तू हसायचीस. तुझा हात चांगला बसलेला होता. एकदा मी औशाला गेले होते तेव्हा तू थापलेली भाकरी माझ्या श्रुतीच्या बाबांनी माझ्यासमोर वाखाणली होती. त्यांना त्यात काही वाटलं नाही. मला मात्र ते कितीतरी दिवस पुरलं.

मग तुझे आण्णा गेले. तू नांदेडहून परत आलीस ती मांडीवर चिनी मातीची बरणी घेऊन. भावांनी घर वाटून घेतलं होतं, भांडीकुंडी वाटून घेतली होती. बरणी कुणालाच नको होती. आण्णा भट्टीवर रोजच्या पिठातली एक मूठ मागे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात ती कालवायचे. बाजारचं यीस्ट नाही, काही नाही. त्या आंबलेल्या मुठीवर सगळे पाव फुगायचे. पुढं लोकांना पाकिटातला ब्रेड गोड लागायला लागला, भट्टी बंद पडली. त्या दिवशी आण्णा ती मूठ घरी घेऊन आले आणि मरेपर्यंत तिला रोज मैदा-पाणी घालत राहिले. तू त्याला खमीर म्हणायचीस. एसटीत, लोह्याच्या स्टँडवर गाडी उभी असताना, ते उन्हानं फुगून फडक्याखालून तुझ्या साडीवर उतरलं. शेजारची म्हातारी बावरून म्हणाली, "अगं बाई, ह्यात काय जितं हाय का?" तू म्हणालीस, "हाव. माझा बाप हाय." हे सांगताना तू हसलीस आणि मीही हसले. ओट्यापाशी उभ्या राहून, तोंडाला पदर लावून आपण दोघी खरंच हसलो. एवढ्या वर्षांत तसं पुन्हा झालं नाही.

आण्णा म्हणायचे तशी तू डबलरोटीच म्हणायचीस, ब्रेड कधी म्हणाली नाहीस. पहिली केलीस तेव्हा ओव्हन कुठला? जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवलीस आणि तिच्यात डबा ठेवून भाजलीस. बाहेर काढून उलटी केलीस, बोटाच्या पेरानं बुडावर टकटक केलंस, कान लावलास. "आतून पोकळ वाजली की झाली." माझी श्रुती कापायला धावली तर तिच्या हातावर चापट मारलीस. "सबूर. गरम कापली तर आत चिकट ऱ्हाती." श्रुतीनं तूप लावून शेंगाच्या चटणीबरोबर तीन तुकडे खाल्ले. तिच्या बाबांनी दोन खाल्ले आणि भाकरी नको म्हणाले. माझी भाकरी टोपल्यात उरली. तू मलाही तुकडा दिलास. वरचं कवच कुरकुरीत, आत मऊ, जराशी आंबूस. मी म्हणाले, "वातड हाय," आणि थुंकायला गेल्यासारखी मोरीकडे गेले. तिथं उभी राहून सगळा चावून गिळला.

तुला मूल नव्हतं. त्यावर घरात कुणी बोट ठेवत नसे. मी ठेवलं. तू रोज सकाळी बरणीत मूठभर मैदा आणि तेवढंच पाणी घालायचीस आणि त्याला 'घास देणं' म्हणायचीस. एकदा समोरच्या कमलबाई बसल्या होत्या. त्यांच्या देखत मी म्हणाले, "पोटचं न्हाई म्हणून पिठाला घास भरवून राहिली." कमलबाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि काम आठवल्यासारख्या उठून गेल्या. तू बरणीवर फडकं बांधत होतीस. गाठ मारलीस, सोडलीस, पुन्हा मारलीस.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले. टँकर आला की गल्लीभर घागरी धावायच्या. मी घरात पाणी मोजून द्यायला लागले. "माणसाला प्यायला न्हाई आन हिच्या पिठाला पाहिजे!" तू आपल्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी काढून बरणीत घालायला लागलीस. दुपारपर्यंत तुझे ओठ पांढरे पडायचे. मी ते बघायचे आणि मला आतून बरं वाटायचं. एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते.

तोवर भावजींनी तुला ओव्हन आणून दिला होता आणि तुझी डबलरोटी गल्लीबाहेर पोचली होती. क्लासच्या मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एक बाई चौकशी करत आपल्या दारात आल्या. दार मी उघडलं. त्या म्हणाल्या, "महानंदाताई इथंच राहतात ना?" आणि चप्पल काढता काढता, "मावशी, जरा पाणी आणता का?" माझ्या कमरेला घराच्या किल्ल्या. मी पाणी आणलं. त्यांनी तुझी डबलरोटी खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली, आणि म्हणाल्या, परवा सकाळी नाश्त्याला पाठवा, मुलींना आवडली तर रोजचीच लागेल. त्या गेल्यावर तू वाकून माझ्या पाया पडलीस. "अक्का, आण्णाचं नाव निघंल आता." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मैदा आणायला गोलाईच्या बाजारात गेलीस. भावजी आणि श्रुतीचे बाबा किराण्याच्या दुकानात होते, श्रुती क्लासला. मी गॅसवर पाणी ठेवलं. चहासाठी नव्हे. त्याच्यासाठीच ठेवलं. ते उकळेपर्यंत मी ओट्याला टेकून उभी होते. मग फडकं सोडलं. खमीर बरणीच्या गळ्यापर्यंत चढलं होतं, जाळीदार, वर बुडबुडे, ताकासारखा वास. मी पाणी ओतलं. वाफ तोंडावर आली. उकडलेल्या पिठाचा वास सुटला आणि ते खाली बसलं. थोडा वेळ थांबून वरचं पाणी मोरीत सोडलं, बरणीचं तोंड पुसलं, फडकं बांधलं, गाठ मारली. हात धुऊन मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

तू आलीस. फडकं सोडायच्या आधी बरणी दोन्ही हातांत धरून जरा वेळ उभी राहिलीस. माझं लक्ष होतं. त्याच खमिरात पीठ मळलंस, ओल्या फडक्याखाली ठेवलंस. सकाळी फडकं काढलं तर गोळा ठेवला होता तसाच, वरून वाळून साल धरलेली. तू बोट रुतवलंस, खड्डा पडला तो तसाच राहिला. तू फरशीवर बसलीस. "आण्णा गेले, अक्का."

मी तुझ्या शेजारी बसले. तुझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "उन्हानं गेलं असंल गं. लई ऊन हाय यंदा." तू माझ्याकडे बराच वेळ बघत होतीस. मला वाटलं, धीर शोधते आहेस. मग म्हणालीस, "हाव अक्का. उन्हानंच गेलं असंल." वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला, तू जमणार नाही म्हणून सांगितलंस. त्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही. त्या दिवशी मी तुला पहिली गरम भाकरी वाढली आणि वर तूप सोडलं. तू पूर्ण खाल्लीस.

दोन वर्षं ओव्हनमध्ये पापडाचे डबे होते.

मग श्रुती डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला बोलले. "जन्मलीच नसतीस तर बरं झालं असतं," हेही बोलले. तिनं खोलीची कडी लावून घेतली. तीन दिवस ताट दाराशी ठेवायचं आणि तसंच उचलायचं. मी दाराबाहेर बसून असायचे, पण हाक माझ्या तोंडातून निघत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी तू दारावर थाप मारलीस. "श्रुती, बाहेर ये. मला एक हात कमी पडून राहिला." जेव म्हणाली नाहीस, रडू नको म्हणाली नाहीस. थोड्या वेळानं कडी निघाली. तू काचेच्या बरणीत गव्हाचं पीठ, पाणी आणि चार मनुका कालवून ठेवलं होतंस. ती बरणी तिच्या हातात दिलीस. "ह्याला रोज तू घास घालायचा. जितं झालं तर झालं, न्हाई तर पुन्यांदा." पाचव्या दिवशी बुडबुडा आला तेव्हा माझी पोरगी ओरडली, "काकू, श्वास घेऊन राहिलंय!" मी देवापुढं बसले होते. तिथंच रडले. आणि रडता रडता मनात हेही आलं की ही आता माझी राहिली नाही.

माझी लेक तू वाचवलीस, नंदा. हे मी तुला तोंडावर कधी म्हणाले नाही. पुढं तिनं दुसरं शिक्षण घेतलं, पुण्यात नोकरीला लागली. तिथून दर रविवारी फोन यायचा तो तुला. कवच मऊ पडलं, आत भोक मोठं पडलं, असलं काहीबाही तासभर चालायचं. मग शेवटी, "आईला दे." माझ्याशी ती जेवलीस का, एवढंच बोलायची.

तू गल्लीतल्या बायकांना दर बुधवारी शिकवायला लागलीस. कमलबाई पहिल्या. एका बुधवारी मीही परात घेऊन आले आणि बायकांच्या ओळीत बसले. तू माझ्यासमोर आलीस. "तुम्हाला न्हाई, अक्का."

"का गं?"

"न्हाई."

बायका परातीत बघायला लागल्या. मी हसून उठले, म्हणाले, मला भाकरीवालीला कशाला पाहिजे हे. त्यानंतर सगळे बुधवार मी बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत बसायचे आणि आतलं ऐकायचे. मला वाटायचं, जुन्या टोमण्यांचा राग असेल.

तुझ्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी फार वेळ नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तुझं सगळं मी माझ्याकडे घेतलं. भावजी म्हणाले, बाई ठेवू. मी ठेवू दिली नाही. लोकांना ती माया वाटली. मला वाटत होतं, एवढं केलं की माझ्या आतलं ते गप्प बसेल.

दवाखान्यात एका सकाळी मी ओल्या कापडानं तुझी पाठ पुसत होते. तू भिंतीकडे तोंड करून होतीस. तशीच म्हणालीस, "अक्का, ती बरणी आतून गरम होती."

मी कापड पिळत होते. पिळतच राहिले. "कुठली बरणी?"

"आण्णाची. उन्हानं तापली की बरणी बाहेरून गरम लागती. ती आतून गरम होती. अन गाठ उलटी होती. मी डावखुरी हाय, अक्का. माझी गाठ तशी पडत न्हाई."

मला वाटलं बादली उलटी होईल, म्हणून मी ती पायानं भिंतीशी सरकवली. "मग तवाच का न्हाई बोललीस?"

"सांजच्याला वाट बघितली. सकाळी बी बघितली. तुम्ही येऊन बसल्या, पाठीवर हात फिरवला. तवा जर म्हणल्या असत्या ना, नंदा, मी मारलं, तर मी लई भांडले असते. घर डोक्यावर घेतलं असतं. अन चार दिवसांनी बोलले बी असते." तू दम घ्यायला थांबलीस. "तुम्ही ऊन म्हणल्या."

"समदं माहीत असून माझ्या श्रुतीला जवळ केलंस?"

"श्रुतीनं काय केलं व्हतं?"

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "माफ केलंस का गं?"

"न्हाई." तू लगेच म्हणालीस. थोड्या वेळानं, "लई येळा बसून बघितलं, होतंय का. न्हाई झालं." आणि मग, "तुम्ही सांगा समद्यांना. तुमच्या तोंडानं. मी सांगितलं तर म्हणतील, मरताना उणंदुणं काढून गेली."

"कधी सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी चालले." मी कापड बादलीत टाकलं तेव्हा म्हणालीस, "खालची पाठ राहिली. पुसा."

त्यानंतर तू तीन आठवडे होतीस. भावजी रोज पाय ओढत जिना चढून डबा घेऊन यायचे. तू आधी माझ्याकडे बघायचीस, मग त्यांच्याकडे. मी पेजेचा चमचा पुढं केला की तोंड उघडायचीस. मी सांगितलं नाही. रोज ठरवायचे आणि रोज भावजींच्या हातातला डबा घेऊन त्यांना म्हणायचे, "आज जरा बरं वाटतंय हिला." एका दुपारी मी औषध आणायला खाली गेले होते, तेवढ्यात तू गेलीस.

आता हे भांडण मी कुणाशी करू? मी एका दुपारी केलं, मान्य आहे. पण तू नऊ वर्षं बघत होतीस. "आण्णाचं खमीर असं कसं गं गेलं," म्हणून मी चारचौघांत हळहळायचे, तेव्हा तू "हाव" म्हणायचीस. तुझ्या तापात मी रात्र-रात्र जागले, तुझ्या भावाच्या मुलीच्या लग्नाला माझी साडी नेसवून तुला पाठवलं, तेव्हाही तू सगळं जाणून होतीस. एकदा तरी माझ्या थोबाडीत द्यायची. बरणी माझ्या अंगावर फोडायची. तूही काही कमी नव्हतीस, नंदा. फक्त तुझ्या हातात उकळतं पाणी नव्हतं, म्हणून लोकांना दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी समाधीवर तुझ्या आवडीचं ठेवायचं होतं. कुणी म्हणालं पुरण, कुणी म्हणालं शेवयाची खीर. भावजी म्हणाले, "डबलरोटीचा कडेचा तुकडा." श्रुतीनं तुझ्या काचेच्या बरणीतलं खमीर काढून आदल्या दिवशीच भाजून ठेवली होती. तिनंच ती मातीवर ठेवली.

घरी येऊन सगळे जेवायला बसले. भावजी, श्रुती, तिचे बाबा, मदतीला आलेल्या कमलबाई. मी वाढत होते. वाढता वाढता उभ्यानंच म्हणाले, "नंदाच्या आण्णाच्या खमिरात माझ्याकडून चुकून गरम पाणी पडलं व्हतं. म्हणून मेलं ते."

कमलबाई पटकन म्हणाल्या, "होतंय बाई असं. जाऊ द्या आता."

चांगल्या मनानं म्हणाल्या. मला तिथंच थांबता आलं असतं. भावजींनी पुढचा घास उचललाही होता.

"चुकून न्हाई," मी म्हणाले. "मुद्दाम ओतलं."

श्रुतीचे बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "गप बस. लोकं हायत."

भावजींनी घास ताटात ठेवला. "वैनी, पाणी आधीच उकळलेलं व्हतं का?"

"न्हाई. मी ठेवलं उकळायला."

"मग ते उकळंपतोर तुम्ही काय करत व्हत्या?"

"उभी व्हते."

"तेवढा येळ व्हता तर," ते म्हणाले. ताटातच हात धुतला, भिंतीला धरून उठले आणि वर गेले. श्रुती माझ्याकडे बघत होती. लहानपणी ताप आला की बघायची तशी, डोळे मोठे करून.

तुला हवं होतं ते झालं. भावजी त्या दिवसापासून खाली जेवत नाहीत. क्लासच्या पोरांच्या मेसवर जातात. त्या पायानं, दोन वेळा. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन मला आधी जाऊ देतात, पूर्वीसारखंच. बुधवारी बायका कमलबाईंच्या घरी जमतात. मला कुणी वाईट बोललं नाही. कमलबाई भाजीवाल्याशी बोलता बोलता मी दिसले की भाव विचारायला लागतात.

श्रुती दुसऱ्या दिवशीच निघाली. मी स्टँडवर सोडायला गेले. ती नको म्हणाली नाही. गाडीत बसली, मांडीवर तुझी काचेची बरणी, तोंडाला सैल फडकं. मी खिडकीपाशी उभी राहून म्हणाले, "वाटीभर ठेवून जायची होतीस. घालत जाईन मी रोज."

"काकू न्हाई म्हणली होती, आई."

"काकू आता न्हाई गं."

"म्हणून तर," ती म्हणाली. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी त्या फडक्याकडे बघत होतो.

काल तिचा फोन आला. तिच्या बाबांच्या फोनवर. मी शेजारीच लसूण सोलत बसले होते. ते ऐकत होते, मध्येच हसले, म्हणाले, "फुगली का? चांगली फुगली? आरं वा." मग माझ्याकडे बघून तिला म्हणाले, "आई हाय इथं. देऊ का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन खाली ठेवला, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, आणि जरा वेळानं म्हणाले, "भाकऱ्या टाक."